इग्वानाच्या पिल्लाच्या अंगावरचे डाग: कोणते त्याचे, कोणते दुखण्याचे

जानेवारीतली गोष्ट. सकाळी सातला धुळ्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, पिल्लाच्या अंगावर रात्रीतून काळे पट्टे उमटले. काल हिरवंगार होतं. गालावर मोठा गोल फोड आहे, डोक्याच्या टाळूवर पांढरा ठिपका, नाकाला पांढरी भुकटी. मरेल का हो ते?" इग्वाना म्हणजे परदेशातला एक मोठा सरडा, आणि त्याचं हे पिल्लू घरात येऊन तीनच दिवस झाले होते. मागून भाच्याच्या आजीचा आवाज ऐकू येत होता, "हाई घोरपडनं पिल्लूच शे ना रे?"

मी अमळनेरला असतो. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा नाद त्याहून जुना. दुपारपर्यंत धुळं गाठलं. पिल्लू हातात घेऊन, भिंग लावून नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाहिलं, तेव्हा त्याच्या अंगावर आठ वेगवेगळ्या खुणा सापडल्या. त्यातल्या सात खुणांत काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं. आठवी मात्र खरी दुखण्याची होती, आणि ती अशा जागी होती जिथे घरातल्या कुणी पाहिलंच नव्हतं. भाच्याने फोनवर तिचा उल्लेखही केला नव्हता.

आधी आजींची शंका, कारण ती अगदी रास्त होती. आपल्याकडे शेताच्या बांधावर, नाल्याच्या काठी घोरपड दिसते. तिच्या पिल्लाच्या अंगावर पिवळसर ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात, आणि अजाण माणसाला कुणी ते पिल्लू इग्वाना म्हणून विकू शकतं. फरक ओळखायला जिभेकडे बघावं. घोरपडीची जीभ सापासारखी लांब आणि टोकाला दुभंगलेली असते, ती सारखी आतबाहेर करते. इग्वानाची जीभ जाड, मांसल असते. शिवाय इग्वानाच्या गळ्याखाली, बैलाची पोळी लोंबते तशी कातडीची झालर असते आणि मानेपासून पाठीवर मऊ काट्यांची रांग असते. पिल्लात ही दोन्ही बारीक असतात, पण असतात. घोरपडीला यातलं काही नसतं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिला वाघाइतकंच संरक्षण. तिला घरात ठेवणं गुन्हा आहे. आमचं पिल्लू इग्वानाचंच होतं. टोकापासून टोकापर्यंत वीतभर आणि वर चार बोटं, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटी.

आता काळे पट्टे. दोन्ही कुशींवर, खांद्यापासून मागच्या पायापर्यंत, वेड्यावाकड्या काळपट रेघा होत्या. कुणीतरी कोळशाने ओढाव्यात तशा. त्या समजून घ्यायच्या तर इग्वाना हिरवा का दिसतो हे आधी पाहावं लागतं, आणि हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे.

इग्वानाच्या कातडीत हिरवा रंग नसतोच. वरच्या पारदर्शक खवल्याखाली रंगपेशींचे थर असतात. वरच्या थरात पिवळा रंग. त्याच्या खाली बारीक स्फटिक भरलेल्या पेशी. त्यांच्यात रंग नसतो, पण उजेड त्यांच्यावर पडून परततो तो निळसर होऊन. पिवळा पतंगाचा कागद निळ्यावर ठेवला की हिरवं दिसतं, तसं पिवळ्यातून निळं पाहताना आपल्याला हिरवं दिसतं. या दोन्हींच्या खाली तिसरा थर असतो काळ्या रंगपेशींचा. या पेशींना फांद्यांसारखे हात असतात आणि ते वरच्या थरांपर्यंत पोचलेले असतात. काळे कण पेशीच्या मधोमध गोळा झाले की कातडी उजळ दिसते. तेच कण हातांमध्ये पसरले की कातडी काळवंडते. मिटलेली छत्री उघडावी तसं. रंग नवा तयार होत नाही आणि कुठे जातही नाही, नुसता मिटतो आणि पसरतो. म्हणून हा बदल रात्रीतून काय, काही मिनिटांतही होऊ शकतो.

हे कण पसरतात कधी? एक, थंडी वाजली की. इग्वानाच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. आपण मे महिन्यात डोक्याला पांढरा रुमाल बांधतो, काळा बांधत नाही, त्याचंच हे उलट गणित आहे. अंग काळं केलं की ऊन लवकर शोषलं जातं. आणि दोन, भीती वाटली की. मुंबईहून खोक्यात आलेलं, नवं घर, नवे आवाज, सारखे डोकावणारे चेहरे. त्या जिवाला तीन दिवसांत शांत असा तास मिळाला नसेल. धुळ्याची जानेवारीतली पहाट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. बाहेर आठ-नऊ अंश होते, आणि आदल्या रात्री लाइट गेल्यामुळे पेटीतला दिवा दोन तास बंद होता. पट्टे तिथून आले होते.

याची परीक्षा घरच्या घरी होते. पिल्लाला त्याच्या उबेच्या जागी, जिथे पारा ३५ ते ३८ अंश असायला हवा, अर्धा तास कुणी हात न लावता बसू द्यायचं. पट्टे फिके झाले तर ते रंगपेशींचं काम होतं. आमच्यासमोर वीस मिनिटांत कुशी हिरव्या झाल्या, भाच्याचा चेहरा खुलला. शेपटीवरचे काळे कडे मात्र तसेच राहिले, कारण ते जन्मजात आहेत. पिल्लांना शेपटीवर असे कडे आणि कधी कधी खांद्याजवळ उभे पट्टे असतात. झाडाच्या पानांत, उन्हासावलीत त्यामुळे त्यांचा आकार फुटून जातो आणि वरून शिकारी पक्ष्याला ते सहज दिसत नाहीत. वय वाढतं तसा पोपटी हिरवा रंग मावळतो, राखाडी-तपकिरी होत जातो. वर्षभराने कुणी म्हणालं की "याचा रंग उडाला", तर घाबरू नये.

गालावरच्या 'फोडा'वर आजींनी हळद आणि खोबरेल तेल लावलं होतं, मायेनेच. पण तो फोड नव्हता. कानाच्या पडद्याच्या खाली, जबड्याच्या मागच्या टोकाशी, प्रत्येक हिरव्या इग्वानाला दोन्ही गालांवर एकेक मोठा गोल खवला असतो. मोत्यासारखी झाक असलेला, आजूबाजूच्या खवल्यांच्या कितीतरी पट मोठा. भिंगातून पाहिला तर त्याची कड अगदी रेखीव दिसते, फोडाची कधी अशी नसते. खूण जोडीने आहे का, डावीकडे आहे तशीच उजवीकडे आहे का, हे पहिल्यांदा तपासावं. निसर्गाने दिलेल्या खुणा बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या असतात. भाजल्याचे, चावल्याचे, कुजल्याचे डाग जोडी बघून येत नाहीत.

टाळूवरचा पांढरट ठिपका तर मी भाच्याला मुद्दाम भिंग हातात देऊन दाखवला. दोन डोळ्यांच्या जरा मागे, डोक्याच्या मधोमध, एकच फिकट खवला, आत अंधुक बिंदू. तो तिसरा डोळा आहे. मी कथेतलं बोलत नाही. त्याला खरोखर भिंगासारखा आणि पडद्यासारखा भाग असतो आणि त्याची नस मेंदूपर्यंत जाते. चित्र त्याला दिसत नाही, पण उजेड कमी-जास्त झालेला कळतो, वरून सावली पडलेली कळते. दिवस किती मोठा आहे याचं भानही त्याला त्यातून मिळतं. म्हणूनच इग्वानाला वरून झडप घालून उचलू नये. आपला हात त्याच्या लेखी घारीची सावली असतो. बाजूने, सावकाश, पोटाखाली तळवा सरकवून उचलावा.

नाकाची भुकटी म्हणजे मीठ. रक्तातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकायला इग्वानाच्या नाकात ग्रंथी असतात. तो शिंकतो, थेंब वाळतात, पांढरे कण उरतात. काचेवरही तसे पांढरे शिंतोडे दिसतात. कोरडं आणि पांढरं असेल तर ठीक. चिकट, पिवळसर, फुगे येणारं, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेणं चाललं असेल, तर ती छातीची तक्रार असते, लगेच डॉक्टर गाठावा.

मांड्यांच्या आतल्या बाजूला एका रेषेत बारीक ठिपके असतात, सुईने टोचल्यासारखे. ती छिद्रं प्रत्येक इग्वानाला असतात. नर मोठा झाला की त्यांतून मेणासारखा पदार्थ बाहेर येतो, त्याच्या वासाने तो आपली हद्द आखतो. ती पिळून काढायचा उद्योग कुणी करू नये.

पाठीवर दोन ठिकाणी दुधाळ, निस्तेज चट्टे होते. ती कात. साप एकसंध कात टाकतो, इग्वाना तुकड्यातुकड्यांनी टाकतो. आज पाठ, चार दिवसांनी पाय, मग डोकं. वाढत्या पिल्लात हे दर महिना-दीड महिन्याने चालूच असतं. कात ओढून काढायची नाही. खालची नवी कातडी तयार झालेली नसली तर ती सोलली जाते. पिल्लाच्या खांद्यापर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवलं, तर जी सुटायची ती सुटते. पण बोटं आणि शेपटीचं टोक यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघावं. तिथे जुन्या कातीचं कडं राहून गेलं तर ते वाळून आवळतं. बोटाला दोरा घट्ट बांधून ठेवल्यावर काय होईल, तेच होतं. रक्त पोचत नाही, बोट आधी काळसर, मग सुकं आणि शेवटी गळून पडतं. बोटं गेलेले इग्वाना मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी कारण हेच होतं: हवेतला कोरडेपणा, आणि बोटाबोटाकडे कुणी पाहिलं नाही.

आमच्या पिल्लाच्या शेपटीचं शेवटचं दोन बोटं टोक मात्र एकदम गडद तपकिरी, कडे नसलेलं आणि बारीक खवल्यांचं होतं. ते जुनं प्रकरण होतं. पालीसारखी इग्वानाच्या पिल्लाचीही शेपटी तुटते आणि पुन्हा येते. नवी येते ती अशी साधी, गडद रंगाची. विकत घेण्याआधीच कधीतरी कुणी शेपटीला धरलं असणार. टोक भरीव आणि लवचिक असेल तर काही करायचं नाही. वाळलेल्या काडीसारखं कडक होऊन काळेपणा वर चढत असेल, तर ती कुजण्याची सुरुवात असते.

या सात खुणा पाहून झाल्यावर मी पिल्लाला तळहातावर हलकेच उचललं आणि खालून पाहिलं. छातीच्या खाली, पोटावर, रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी चट्टा. कडेला खवले पिवळट, मध्ये एक फुटलेला फोड, किंचित ओलसर. हात लावताच पिल्लाने अंग चोरलं.

"त्याला खाली काय आहे?" मी विचारलं. भाच्याने पेटीतला दगड दाखवला. विजेवर तापणारा दगड, विकणाऱ्याने पिल्लासोबतच दिलेला. हाताला नुसता गरम लागत होता, पण मधल्या एका जागी बोट टेकवून दहापर्यंत मोजता येईना.

यात पिल्लाची चूक नव्हती आणि भाच्याचीही नव्हती. त्याला जसं सांगितलं तसं त्याने केलं. खोलीत गारठा, पेटीतली हवा गार, सगळ्या पेटीत धड ऊब एकाच वस्तूला. पिल्लू त्या दगडाला पोट लावून रात्र रात्र बसलं. वरचं अंग गारच होतं, त्यामुळे उठावं असं त्याला वाटलं नाही, आणि पोटाखालची कातडी शिजत गेली. रानात इग्वाना ऊन घेतो ते वरून, फांदीवर पसरून, सूर्याकडून. पोटाखालून भाजणारी वस्तू त्याच्या जगात नव्हतीच. म्हणून ऊब वरून द्यावी. दिवा पेटीच्या जाळीबाहेर, पिल्लाचा पाय, पोट, पाठ कुठेही टेकणार नाही इतक्या अंतरावर. आणि सगळ्या पेटीची हवा दिवसा २६ ते ३२, रात्री २३-२४ अंशांच्या खाली न जाणारी. ही हवा नीट असती तर पिल्लू त्या दगडाला चिकटलंच नसतं. मला हेच सांगायचं आहे: इग्वानाच्या अंगावरचा दुखण्याचा डाग फार करून त्याच्या राहण्याच्या जागेतून आलेला असतो. डागावर मलम लावण्याआधी त्याच्या पेटीत हात घालून बघावं. काय गरम, काय गार, काय ओलं, काय कोरडं.

धुळ्यातल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला आहे. त्यांनी आमच्यासमोरच नाशिकच्या ओळखीच्या, पक्षी आणि सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला, फोटो पाठवले आणि दोघांनी मिळून उपचार ठरवला. पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडिनने जखम धुणं, भाजल्यावर लावतात ते चांदीयुक्त मलम अगदी पातळ, वेदना कमी करणारं औषध वजनाच्या हिशोबाने. पेटीतला लाकडाचा भुसा काढून टाकून तिथे साधा वर्तमानपत्राचा कागद, रोज बदलायचा, म्हणजे जखमेत काही अडकणार नाही आणि पाणी सुटलं तर लगेच दिसेल. फोटोंची एक पद्धत तेव्हा ठरली ती फार उपयोगी पडली. रोज एकाच वेळी, एकाच उजेडात, डागाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून एक फोटो. डाग वाढतोय की आटतोय हे मन ठरवत नाही, नाणं ठरवतं. आणि आठवड्यातून एकदा वजन, ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर. अंगावरचा डाग आणि घटतं वजन एकत्र आले की वाट पाहू नये.

आमच्याकडे जे नव्हतं, पण नव्या पिल्लांत पुष्कळदा असतं, तेही सांगायला हवं. हलणारे ठिपके. डोळ्यांच्या कडा, गळ्याची झालर, पायांच्या खाचा आणि शेपटीच्या मुळाखालची आडवी फट या जागी काळे किंवा लाल, मोहरीहून बारीक कण दिसले आणि ते जागा बदलत असले, तर ते रक्त पिणारे कोळी. वांग्यावर, भेंडीवर लाल कोळी पडतो तो आपल्या शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. हे त्याचेच लांबचे भाऊबंद, फक्त पानाऐवजी अंगावर जगणारे. पांढऱ्या ओल्या कापसाने अंग हळू पुसावं, कापसावर ठिपके आले किंवा पिल्लाच्या पाण्याच्या भांड्यात बुडालेले सापडले की खात्री पटते. हे अंडी अंगावर घालत नाहीत, पेटीच्या फटींत, लाकडाच्या चिरांत घालतात. त्यामुळे पिल्लाला कितीही धुतलं तरी पेटी साफ केल्याशिवाय ते जात नाहीत. आणि इथे एक कळकळीची विनंती. गोठ्यातलं गोचिडाचं औषध, कुत्र्याची पावडर, पिकावरची फवारणी यांतलं काहीही इग्वानाला लावू नका. शंभर ग्रॅमचंही नसलेलं पिल्लू म्हशीच्या औषधाचा एक थेंबसुद्धा सोसू शकत नाही. त्याचं औषध आणि त्याचं माप डॉक्टरनेच द्यावं.

पिवळट-तपकिरी, खरखरीत, पापुद्रे धरणारा चट्टा, जो कातीबरोबर जात नाही, उलट पसरतो आणि खाली जखम करतो, तो बुरशीचा असू शकतो. नॅनिझिऑप्सिस नावाची एक बुरशी इग्वाना आणि दाढीवाल्या ड्रॅगन सरड्यांमध्ये असे चट्टे आणते. माणसाच्या गजकर्णाचं मलम लावून ती आतून बरी होत नाही. चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो आणि औषध महिनोन्‌महिने चालतं. पोटावर पाणी भरलेले फोड आले तर बहुधा पेटी सतत ओली आणि घाणेरडी असते. नाकाचा शेंडा सोलवटला असेल तर पिल्लू काचेवर किंवा जाळीवर सारखं तोंड घासतंय, त्याला लपायला जागा नाही. आणि पोटाच्या फिकट कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके एकाएकी उमटले, पिल्लू मलूल पडलं, तर ते रक्तात जंतू शिरल्याचं लक्षण असू शकतं. तिथे फोटो आणि नाणं यांत वेळ घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना.

हळदीबद्दल आजींना समजावणं अवघड गेलं, पण त्यांना पटलं. हळद वाईट आहे असं नाही. ती लावली की खालचा रंगच दिसत नाही. लाली वाढली, काळेपणा चढला, पाणी सुटलं, सगळं पिवळ्याखाली झाकलं जातं. डागावर पहिल्या दिवशी काहीही न लावणं, नुसतं स्वच्छ कोमट पाणी, हेच बरं.

खान्देशात इग्वाना सांभाळणं म्हणजे दोन टोकांच्या हवामानांशी झुंज आहे. त्याचं मूळ घर मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतची दमट, गर्द झाडी. अमेरिकेतल्या फ्लोरिडात, जिथे तो माणसांमुळे पसरला, तिथे थंडीची लाट आली की इग्वाना गारठून झाडावरून खाली पडतात. यावरून धुळ्याच्या पहाटेचा अंदाज यावा. दुसरं टोक एप्रिल-मे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो आणि हवेत ओलावा उरत नाही. इग्वानाला साठ ते ऐंशी टक्के आर्द्रता लागते. कूलर त्याच्या खोलीत चालवला तर ओलावा वाढतो, पण झोत थेट पेटीवर नको. पेटीच्या एका बाजूला ओलं पोतं टांगलं तरी फरक पडतो, फक्त हवा खेळती हवी, नाहीतर तोच ओलावा कुजवतो. सकाळचं कोवळं ऊन हे आपल्याकडचं मोठं भाग्य. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत जात नाही. पण काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही, काच ते किरण अडवते. आणि काचेच्या पेटीत पिल्लाला उन्हात ठेवलं तर ते काही मिनिटांत भाजून मरेल. जाळीच्या पिंजऱ्यात, निम्मी सावली ठेवून, सकाळी आठ-साडेआठपर्यंत. मेमध्ये त्याहून आधी.

केळी! रावेर-यावलचं केळं घरात घडाने येतं, आणि पिल्लू ते आवडीने खातं, म्हणून लोक तेच चारतात. केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस चौपट आहे. रोज केळं खाणाऱ्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय थरथरतात. महिन्यातून एखादी चकती चालेल. रोजचं जेवण म्हणजे शेवग्याचा पाला, लसूणघास, जास्वंदीची पानं आणि फुलं, बारीक किसलेलं डांगर म्हणजे लाल भोपळा, गिलके. पालक क्वचित. आणि कोबी, काकडी यांनी पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. किडे, अंडी, मांस काहीच नको. इग्वाना शुद्ध शाकाहारी आहे.

इग्वानाच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरतो, तो दिसायला ठणठणीत असतानाही. म्हणून त्याची अंघोळ स्वयंपाकघराच्या मोरीत नको, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांनी लांब राहावं.

कागदपत्रांचं भाच्याला माहीतच नव्हतं, विकणाऱ्याने सांगितलंही नव्हतं. हिरवा इग्वाना आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, म्हणजे साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तिने या यादीतले प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आणले. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी जवळ असेल तर केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला तरी कळवावं लागतं. घेताना विकणाऱ्याकडे कागद मागा. कागद नसेल तर घेऊ नका. आणि हेही आधी विचारात घ्या: आज वीतभर असलेलं हे पिल्लू पाच-सहा फुटांचं होतं आणि नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं. सांभाळणं जमेना म्हणून तापीकाठी किंवा सातपुड्यात सोडून देणं हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि आपल्या रानावरही. फ्लोरिडा, प्वेर्तो रिको, तैवान इथे अशाच पाळीव इग्वानांची पैदास वाढून डोकेदुखी झाली आहे.

आमच्या पिल्लाच्या पोटावरचा चट्टा फेब्रुवारीभर तसाच राहिला. सरपटणाऱ्या प्राण्याची जखम आपल्यासारखी आठवड्यात भरत नाही, एकेका कातीबरोबर थोडी थोडी मागे हटते. मार्चमध्ये कडेचे पिवळट खवले गळाले. फोटोत नाण्याएवढा असलेला डाग नखाएवढा झाला. मे महिन्यात पोटाची कात सुटली तेव्हा खाली नवे खवले दिसले, बारीक, ओबडधोबड आणि काळपट. ते तसेच राहतील, भरलेल्या जखमेवर खवले बहुधा गडदच येतात. वजन जानेवारीपेक्षा दुपटीवर गेलं होतं. दगड भाच्याने कधीच फेकून दिला. आजी सकाळी लसूणघास निवडून आणतात, पिल्लाच्या पोटाखाली तळवा सरकवून त्याला उचलतात, चष्मा सावरत खालून एकदा बघतात, आणि मग ताटलीत पाला घालतात.